सुई थांबते तिथे

१७ मार्च

निवृत्त होऊन अकरा महिने झाले आणि आज पुन्हा मानेवर मुदत बसली. बरं वाटलं. हे इथे कबूल करतो, बायकोसमोर करणार नाही.

सकाळी किएम आले. आमच्या मच्छीमार वस्तीचे प्रमुख. बोलायला लागले की वाटतं अजून होडीवरच आहेत आणि इंजिन चालू आहे. अंगणातूनच ओरडले, "थान्ह, तिसऱ्या चांद्र महिन्याच्या सोळाव्या तिथीला आजोबांची हाडं काढायचीत! म्हणजे १३ एप्रिल. स्तवन तू लिहायचंस!"

फान थिएट शहराच्या दैनिकात पस्तीस वर्षं मी 'देवमासा' लिहिलं. घरी आल्यावर त्याला 'आजोबा' म्हणायची सवय पुन्हा लावून घ्यावी लागली; मेलेले आजोबा सापडले की वस्ती त्यांना वाळूत पुरते आणि तीन वर्षांनी हाडं देवळात नेते. इथे दुसरा शब्द तोंडातून निघाला तर म्हातारी माणसं बोलणंच थांबवतात.

"स्तवन तर साऊ काका लिहितात," मी म्हणालो.

"त्यांना दिसत नाही आता."

"मग त्यांनी सांगावं, मी उतरवून घेतो."

"तेच तर! म्हणतात, माझं जुनं काही वाचायचं नाही. नवीन हवं, आणि ते थान्हनं लिहायचं. त्यांनी पसंत केलं तर तुझं वाचू. दहा तारखेपर्यंत नाही केलं, तर शेजारच्या बंदरावरून छापील आणून ठेवलंय. गावाचं नाव बदलायचं की झालं. छान आहे. मोठमोठे शब्द आहेत."

सहाशे शब्द, चोवीस दिवस. पुराची बातमी मी चाळीस मिनिटांत दिलेली आहे. किएमना म्हटलं, परवा या.

१८ मार्च

न्याहारीपूर्वी मसुदा तयार. नऊ वाजता साऊ काकांकडे गेलो.

वय चौऱ्याऐंशी. ओसरीवर बसून जाळं शिवत होते. डोळ्यांनी दिसत नाही, पण डावा हात फाटलेली जागा शोधतो आणि उजव्या हातातली लाकडी सुई मागोमाग जाते. पन्नास वर्षं या माणसानं वस्तीची सगळी स्तवनं लिहिली. मी लहानपणी देवळाच्या पायरीवर बसून ऐकलेली आहेत. पेपरात गेलो तो त्याच आवाजापायी, असं अजूनही वाटतं.

मी वाचलं. "तीन वर्षांपूर्वी याच तिथीला किनाऱ्यापासून अकरा मैलांवर त्वान यांना आढळलेल्या आणि या वस्तीवर थोर उपकार करणाऱ्या आजोबांच्या अस्थी आज देवळात स्थापन होत आहेत..."

सुई चालत राहिली. शेवटपर्यंत चालत राहिली. मला वाटलं, निवांत ऐकताहेत, म्हणजे ठीक आहे.

"संपलं?"

"संपलं."

"ते पहिल्याच वाक्यात संपलं, पेपरवाल्या. मग लोकांनी उन्हात उभं कशाला राहायचं? जेवायला जाऊ दे की त्यांना." मग हात पुढे करून म्हणाले, "आणि हे 'थोर' म्हणजे काय? किती थोर? माझ्या हाताला लागू दे."

मी हसलो. ते हसले नाहीत.

"एक होडी घे," म्हणाले. "हजार होड्या वाचवल्या असं म्हणू नकोस, कुणाच्या डोळ्यांसमोर काही येत नाही. एक घे. तिच्यात कोण होतं, कुठून पाणी येत होतं, ते सांग. बाकीच्या नऊशे नव्व्याण्णव लोक आपापल्या घरून आणतील."

घरी येऊन 'थोर' मोजले. अकरा होते.

२१ मार्च

एक होडी शोधायला सगळी वस्ती फिरलो. शेवटी ती किएमकडेच निघाली. सोळा वर्षांचे होते. वादळात खालून काहीतरी टेकलं आणि होडी आडवी व्हायची थांबली. "काय वाटलं तेव्हा?" विचारलं. त्यांचं इंजिन बंद पडलं. हळू आवाजात म्हणाले, "पाठीवर घेतल्यासारखं. माझा बाप घ्यायचा, बाजारातून परत येताना." मग लगेच, "हे लिहू नको, लोक हसतील."

लिहिलं.

उलटतपासणी करायची म्हणून साऊ काकांनाही विचारलं, जुनं एखादं वाचलं तर काय बिघडतं? त्यांचं उत्तर विचित्र होतं. म्हणाले, "शेवटची पंचवीस वर्षं माझी सगळी बेननं वाचलीत. त्याच्याच आवाजात आहेत ती. नुसता कागद उघडला तरी तोच बोलायला लागतो."

बेन म्हणजे त्वानचा बाप. आजोबा सापडले त्याच आठवड्यात दहाव्या तिथीला वादळात गेला. होडीतले दोघे सापडले, तो नाही. मी तेव्हा फान थिएटला होतो. ती बातमी मीच लावली होती, चार ओळी, आतल्या पानावर.

म्हाताऱ्या लेखकाला आपलंच लिहिलेलं ऐकवत नाही, हे मी समजू शकतो.

२५ मार्च

सुतक धरणाऱ्याकडून तपशील घ्यावेत म्हणून त्वानकडे गेलो. वय सव्वीस, डोक्याला सुतकाची पांढरी पट्टी. तीन वर्षांत धुऊन धुऊन तिचा रंग तांदळाच्या पेजेसारखा झाला आहे. आजोबा ज्याला पहिल्यांदा दिसतात तो त्यांचा थोरला मुलगा ठरतो आणि तीन वर्षं सुतक धरतो; ते सगळं त्यानं नेमानं केलं. लग्नाला, जत्रेला गेला नाही.

त्याची आई, हुओंग वहिनी, अंगणात मांदेली मिठात घालत होत्या. जेवायला थांबवून घेतलं. चटईवर तीन वाडगे मांडले होते. तिसऱ्यापाशी मी बसायला गेलो तर त्वाननं हळूच माझा दंड धरला आणि आतून चौथा वाडगा आणून दिला. आणखी कुणी यायचं असेल असं वाटलं. आलं नाही कुणी.

जेवताना विचारलं, "वहिनी, सोळाव्या तिथीला येणार ना? बायकांना देवळाच्या अंगणात जागा केलीय या वेळी. कनातही लावताहेत."

"बघू. मिठाचं काम असतं."

त्वान वाडग्यातच बघत म्हणाला, "आई येणार नाही. मी पट्टी सोडलेली तिला बघायची नाही."

"गप जेव," त्या म्हणाल्या. "पट्टी आजोबांची आहे. त्यांची सोडायची तर सोड. बाकी कुणाची बांधलेली नाही या घरात."

 मग माशाच्या रसाची वाटी माझ्याकडे सरकवत त्यांनी सहज विचारलं, "थान्ह भाऊजी, तुम्ही एवढं वाचलेले. तळाशी थंडी असते का हो? म्हणजे, आजोबांना. इतकी वर्षं खाली राहतात."

मी सांगितलं की देवमाशा... आजोबांच्या अंगात जाड चरबी असते, त्यांना थंडी लागत नाही. त्या "हं" म्हणाल्या.

दारापाशी त्वान सोडायला आला. "काका, तुम्ही लिहाल ते चांगलंच असेल. फक्त... ती आली पाहिजे. पट्टी सोडल्यावर माझ्याकडे काहीच उरत नाही."

सुतक संपल्यावर माणसाला रिकामं वाटतं. मी त्याला म्हणालो, नवीन होडी घे.

२६ मार्च

दुसरा मसुदा वाचला. किएमची होडी, पाठीवर घेतल्यासारखं वाटणं, सगळं. या वेळी साऊ काकांची सुई तीनदा थांबली. एकदा त्या पाठीच्या वाक्याला. एकदा मी आजोबांच्या बरगड्यांना उलट्या ठेवलेल्या होडीची उपमा दिली तिथे. आणि एकदा या वाक्याला: "सहा दिवस आम्ही एकाला शोधत होतो, आणि तुम्ही आलात."

जे खटकलं त्यावर मी जागच्या जागी खुणा करून ठेवल्या. शेवटी ते एवढंच म्हणाले, "येतोय. अजून बातमी आहे, पण येतोय."

घरी येऊन तिन्ही वाक्यं काढली. संपादकाच्या भुवया वाचण्यात आयुष्य गेलं, सुई काय कठीण?

३० मार्च

तिसरा मसुदा. सुई एकदाही थांबली नाही. मी मनातल्या मनात पाठ थोपटून घेतली.

साऊ काकांनी जाळं मांडीवरून बाजूला सारलं. मग म्हणाले, "कुणी घाबरवलं तुला?"

"का?"

"मागच्या वेळी होडीत तीन माणसं होती. आज रिकामी आलीय."

काहीच कळलं नाही. उठताना त्यांनी विचारलं, "बायकांची जागा कुठे केलीय?"

"अंगणात, चिंचेखाली."

"तिथपर्यंत ऐकू जाईल?"

"भोंगा लावताहेत."

"भोंग्यात श्वास ऐकू येत नाही. किएमला सांग, कनात पुढे घे." एवढ्या वयात मांडवाचीसुद्धा काळजी! माणूस मनानं अजून कामातच आहे.

२ एप्रिल

काही लिहिलं नाही. छापील स्तवन किएमकडून आणून वाचलं. 'अथांग', 'अपार', 'अलौकिक'. वाईट नाही. माझ्या तिसऱ्या मसुद्यापेक्षा वाईट तर मुळीच नाही. 

बायको म्हणाली, "चाळीस मिनिटांत पूर उतरवणारा माणूस सोळा दिवस एका आजोबांपुढे बसलाय." मग चहा ठेवला समोर.

३ एप्रिल

बंदरावर त्वान भेटला. त्याला गाऱ्हाणं सांगितलं की साऊ काकांना खटकलेलं सगळं काढलं तरी ते खूश नाहीत.

"खटकलेलं म्हणजे?"

"जिथे सुई थांबली ते."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग हसायला लागला. गावी परतल्यापासून त्याला हसताना मी पाहिलं नव्हतं. "काका! आवडलं की थांबतात ते! बाबा त्यांना त्यांचाच मसुदा वाचून दाखवायचे तेव्हा मी बाजूला बसायचो. बाबा म्हणायचे, ज्या दिवशी सबंध पानभर सुई हलणार नाही त्या दिवशी मी होडी सोडून गवई होईन."

धावत घरी आलो. एकसष्टाव्या वर्षी धावलो. काढलेली तिन्ही वाक्यं कचऱ्यात सापडली, एकावर बायकोनं मासे साफ केले होते.

पस्तीस वर्षांत मी आणखी किती लोकांची थांबलेली सुई छाटली असेन?

६ एप्रिल

आज चार तास साऊ काकांकडे. माझा घोळ सांगितला तर इतके हसले की सुई हातातून पडली, मलाच शोधून द्यावी लागली.

मग शिकवलं. शिकवलं हा माझा शब्द, ते फक्त बोलत होते आणि शिवत होते. मी जसं आठवतं तसं लिहून ठेवतो.

मोठी गोष्ट सांगायची तर तिच्याशेजारी लहान गोष्ट ठेवायची. समुद्राला समुद्राची उपमा दिली तर दोन्ही बुडतात. "बरगड्या म्हणजे उलटी होडी" चालतं, कारण उलटी होडी प्रत्येकाच्या दारात आहे. आणि उलटी होडी बघून काय आठवतं ते प्रत्येकाचं निराळं असतं. "ते तू सांगायचं नाहीस. तिथून आपण बाजूला व्हायचं."

एखादी गोष्ट काय आहे ते सांगता येत नसेल तर ती काय नाही ते सांगायचं. तसं करत करत कडेकडेनं गेलं की मधली जागा आपोआप दिसते.

कारण शेवटी सांगायचं. आधी सांगितलं तर लोक मान डोलावतात, शेवटी सांगितलं तर ते आधीच तिथे येऊन उभे असतात.

आणि हे, त्यांच्याच शब्दांत: "ज्याचं नाव घ्यायचं आहे त्याच्यावर जाळं टाकू नकोस. त्याच्याभोवती फिरव. गाठ मारू नकोस. एक बाजू उघडी ठेव. ज्यांना आत यायचं ते येतील."

"पण आजोबांचं नाव तर पहिल्या ओळीतच आहे," मी म्हणालो.

"हो," ते म्हणाले. "त्यांचं आहे."

हे सगळं या माणसाला कुठल्या शाळेनं दिलं? तिसरीत शाळा सोडली, जाळी शिवली, आणि माणसं ऐकताना कुठे श्वास धरतात ते ऐकत बसला. पेपरात माझ्यावर सहा संपादक झाले. त्यांतल्या एकाच्याही पायाशी बसावंसं मला वाटलं नव्हतं.

निघताना म्हणाले, "प्रश्न नाही तुझ्या लिखाणात. एक तरी विचारावा. उत्तर तुला ठाऊक नसेल असा."

"देवळात हाडांना काय विचारणार?"

"लोक काय विचारतात? कान दे जरा."

मी हुओंग वहिनींचा थंडीचा प्रश्न गंमत म्हणून सांगितला, आणि माझं चरबीचं उत्तरही.

सुई थांबली. कोंबडी ओसरीवर चढून जाळ्यावरून चालत गेली तरी हलली नाही.

"तो घाल," म्हणाले. "शेवटी घाल. चरबी घालू नकोस."

९ एप्रिल

उद्या मुदत. शेवट जमत नाही. अंगात चरबी असलेल्याला थंडी वाजते का, हे विचारणं म्हणजे वस्तुस्थितीची चूक. पण काढायचं धाडस होत नाही.

१० एप्रिल

सकाळी वाचलं. किएम आणि वस्तीचे तीन म्हातारे साक्षीला बसले होते, छापील प्रत किएमच्या मांडीवर.

साऊ काकांची सुई पहिल्या परिच्छेदात चालली, दुसऱ्यात अडखळली, आणि "सहा दिवस"पाशी थांबली ती थांबलीच.  किएमनी स्वतःची होडी ऐकली तेव्हा ते समुद्राकडे बघायला लागले.

संपल्यावर साऊ काका म्हणाले, "हे वाचा. त्वाननं वाचायचं."

किएम उसळले. "त्वान? वाचणं जाणत्यांचं काम आहे, काका. सुतक धरणारा गुडघ्यावर बसतो, वाचत नाही. असं कधी झालेलं नाही."

"बसूनच वाचेल."

"पण का?"

"त्याचे डोळे चांगले आहेत."

हे खरंच आहे. म्हाताऱ्यांपैकी एकालाही चष्म्याशिवाय ओळ सापडत नाही. किएमनी थोडा वेळ छापील प्रतीकडे पाहिलं, मग तिची घडी करून त्यावर चहाचा पेला ठेवला.

१३ एप्रिल

पहाटेपासून वाळू उकरली. मग हाडं दारूनं धुतली, लाल कापडात बांधली. हुओंग वहिनी आल्या. मागे, चिंचेच्या बुंध्याला टेकून, मिठाचे हात तसेच. जायच्या तयारीत असल्यासारख्या.

त्वान गुडघ्यावर बसला आणि वाचायला लागला. पहिल्या ओळीला म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मीही दचकलो. बेनचा आवाज मी शेवटचा ऐकला त्याला वीस वर्षं झाली असतील.

शेवटचा भाग इथे उतरवून ठेवतो:

"हे सोनं नाही, हस्तिदंत नाही. ही उलटी ठेवलेली होडी आहे. आम्ही तिच्यावरून रोज हात फिरवू.

आजोबा, सहा दिवस आम्ही एकाला शोधत होतो, आणि तुम्ही आलात. त्याच्यासाठी घेतलेलं पांढरं कापड आम्ही तुमच्यावर घातलं. तुम्ही नको म्हणाला नाहीत. त्याच्यासाठी राखलेलं रडू तुमच्यापाशी रडलो, तेही तुम्ही ठेवून घेतलंत. तुम्ही खालून आलात, खालचं सगळं तुम्हाला माहीत आहे. आम्ही काही विचारत नाही. तुम्ही ज्यांना पाठीवर घेतलंत त्यांची नावं विचारत नाही, घ्यायचे राहिले त्यांचीही नाही.

एवढंच सांगा आजोबा, तळाशी थंडी असते का?"

इथे स्तवन संपतं. त्वान मात्र कागद खाली ठेवायचं विसरला. अंगणात कुणाच्या तरी हातून पितळी थाळी पडली. वळून पाहिलं तर हुओंग वहिनी चिंचेखाली नव्हत्या. फाटकातून घराकडे चालल्या होत्या, भराभर, तोंडावर पदरासारखा रुमाल धरून.

त्वाननं एकट्यानं पट्टी सोडली.

प्रश्न चुकलाच. मला वाटतच होतं. ज्या एका बाईसाठी मुलगा एवढा आसुसला होता, तीच मध्ये उठून गेली. सगळे येऊन हात धरत होते, किएम तर गळ्यात पडले, पण मला ती फाटकातली पाठच दिसत राहिली. साऊ काकांना सांगितलं, "वहिनी निघून गेल्या." त्यांनी विचारलं, "कुठल्या शब्दाला?" मी म्हणालो, "थंडी." त्यांनी तोंड समुद्राकडे फिरवलं. रागावले असावेत.

१६ एप्रिल

आज हुओंग वहिनींनी जेवायला बोलावलं. मी माफी मागायची तयारी करून गेलो.

चटईवर तीन वाडगे होते. मी उभाच राहिलो, चौथ्याची वाट बघत.

"बसा की भाऊजी," त्या म्हणाल्या. "तुमचाच आहे तो."

मग मला फळी दिसली. पूर्वजांच्या फोटोंच्या रांगेत, उजव्या टोकाला, बेन. जत्रेतला फोटो, तोंड उघडं, बहुतेक वाचत असतानाचा. पुढे उदबत्ती, आणि भाताचा वाडगा, त्यावर जेवायच्या काड्या आडव्या ठेवलेल्या. फोटोखाली जाड लोकरीचा गळपट्टा घडी करून ठेवला होता. आमच्या किनाऱ्यावर असला गळपट्टा कुणी वापरत नाही. मुद्दाम कुठून तरी आणवला असणार.

त्वानच्या डोक्याला पट्टी होती. नवी, कडक, पांढरीशुभ्र. त्यानं माझ्या वाडग्यात माशाचा मधला तुकडा घातला.

जेवण झाल्यावर वहिनींनी स्तवनाची प्रत मागितली. घडी करता करता म्हणाल्या, "तुमच्याकडे पंचांग असतं ना भाऊजी? वर्षश्राद्ध कुठल्या दिवशी करायचं तेच कळत नव्हतं इतके दिवस. दहावी धरायची, अकरावी धरायची, कोण सांगणार? आता सोळावी धरते. दर वर्षी या जेवायला."

"सोळावी तर आजोबांची आहे, वहिनी."

"माहितीये," त्या म्हणाल्या. "ते एकत्रच आले ना."

तिथून सरळ साऊ काकांकडे गेलो. ते ओसरीवर, जाळ्यात. सांगायला सुरुवात केली आणि पहिल्याच वाक्यात सगळं सांगून टाकायचं तोंडाशी आलं होतं, जन्माची सवय. आवरलं. वाडग्यापासून सुरू केलं. मी उभा राहिलो ते सांगितलं, मग "तुमचाच आहे तो". मग फळी. मग गळपट्टा. तिथी शेवटी ठेवली.

गळपट्ट्यापाशी सुई थांबली. मी तिथीपर्यंत पोचलो, संपवलं, गप्प बसलो, तरी ती पुन्हा चालू झाली नाही.